ताईचा नटबोल्टांचा डबा

धाकट्या भावानं हातात पाना घेतला की ताई धास्तावायची. घरात काहीही बिघडलं की हा पठ्ठ्या हजर. वस्तू चालूही व्हायची, पण जोडून झाल्यावर एखादा नट नाहीतर स्क्रू हमखास उरायचा. "तो जास्तीचाच होता," असं तो बिनदिक्कत सांगायचा. त्याला वाईट वाटू नये म्हणून ताई तो गुपचूप उचलून एका डब्यात टाकायची आणि पुढे कितीतरी दिवस त्या वस्तूजवळ जीव मुठीत धरून वावरायची.

आज त्यानं वडिलांच्या वेळचा पंप खोलून गोणपाटावर पसरला होता. वांग्याची रोपं माना टाकून उभी होती, त्यामुळे तिला नको म्हणता येईना. अखेर त्यानं खटका दाबला. पंप खोकला, थरथरला आणि पाणी सरीतून धावलं.

ताईनं सवयीनं गोणपाट झटकलं. काहीच पडलं नाही. तिनं मातीतही बोटं फिरवून पाहिली.

"या वेळी काय उरलं रे?"

"काही नाही," तो ऐटीत म्हणाला. "उलट एक बोल्ट कमी पडत होता."

"मग?"

"घेतला घरातल्याच कशाचा तरी काढून. आता आठवत नाही बघ."

ताईच्या डोळ्यांसमोरून शिडी, फाटक, माळ्याची फळी, सगळं फिरून गेलं. दिवसभर वाकून तिची कंबर मोडली होती. वाफ्याच्या कडेला तिची लोखंडी खुर्ची होती. ताई खुर्चीपाशी गेली, तिच्याकडे पाहिलं आणि उभीच राहिली.