आत्याची पोटदुखी

गेल्या आठवड्यात करमाड गावाहून आत्याला शहरात माझ्या घरी आणलं. ओटीपोटात कळा येत होत्या... थांबायच्या, पुन्हा उठायच्या. पाण्याचा घोटही ठरत नव्हता.

गावात गॅसचं इंजेक्शन झालं होतं. शेजारणीनं बेंबी सरकली म्हणून पोट चोळून दिलं होतं. मी मुतखड्यावर ठाम होते. आत्याचं स्वतःचं निदान सगळ्यात सोपं... "वायू धरलाय गं. ओवा दे, बस."

दुपारी जालना रोडवरच्या एका हॉस्पिटलात नेलं. सर्जन बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. आत्या आडवी झाली, पदर सारला, बेंबीपर्यंत पोट दाखवलं आणि त्याखाली लुगडं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. आजवर सगळीकडे तपासणी तेवढ्यावरच आटोपली होती.

"आजी, लुगडं सैल करा."

"पोट दुखतंय माझं. लुगडं नाय."

डॉक्टर हसल्या. "मला कापडातून दिसत नाही हो. पोटाचं दुखणं जांघेपर्यंत शोधावं लागतं. इथं सगळ्या बायकाच आहोत."

त्यांनी पडदा ओढला, तळहात एकमेकांवर चोळून ऊन केले आणि चक्क वाट बघत उभ्या राहिल्या. शेवटी आत्यानं तोंड भिंतीकडे फिरवून लुगडं सैल केलं.

उजव्या जांघेत बोराएवढी गाठ होती. बोट लागताच आत्या कळवळली.

"ही कधीपासून?"

"हाय की वरीसभर. झोपलं की आत जायची. कालपासून जाईना. पण दुखतं तर पोट... मग तिचं काय सांगायचं?"

डॉक्टरांचा चेहरा बदलला. आतड्याचा एक छोटासा वेढा जांघेतल्या फटीतून बाहेर येऊन अडकला होता. त्याचा रक्तपुरवठा तुटत चालला होता. उद्यापर्यंत थांबलो असतो तर तो भाग मेला असता, आणि मग आत्याचंही काही सांगता आलं नसतं. स्कॅनमध्ये तेच दिसलं. लगेच ऑपरेशनला घेतलं.

बाहेर बाकावर बसून मी नुसती दाराकडे बघत होते. ओव्याचं पाणी मीच तर करून दिलं होतं सकाळी...

डॉक्टर बाहेर आल्या त्या हसतच. म्हणाल्या, "आतडं जांभळं पडलं होतं. कापावं लागणार असं वाटलं. फट मोकळी केली, कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात ते गुंडाळलं आणि आम्ही चौघं थांबून बघत राहिलो. हळूहळू गुलाबी झालं... मग हलायलाही लागलं."



सत्तरहून जास्त वर्षं ते आतडं अंधारात आपलं काम करत होतं, कुणाच्या नजरेला न पडता. त्या दुपारी चार अनोळखी माणसं श्वास रोखून त्याच्याकडे बघत उभी होती... आणि ते परत कामाला लागलं.