धातूचा म्यूट

घरात साठवलेल्या कापसाचा तेलकट वास आला की मला परीक्षेआधीची ती दुपार आठवते. शेजारच्या अक्का आदल्या दिवशीच वारल्या होत्या, मधली भिंत एकच होती आणि माझी व्हायोलिनची परीक्षा परवावर आली होती. व्हायोलिनचा आवाज दाबणारा म्यूट घेताना धुळ्याचा दुकानदार म्हणाला होता, "रबराचा म्यूट घट्ट बसतो. धातूचा म्यूट आवाज जास्त दाबतो, पण निसटतो." मी धातूचाच आणला होता. तो तारांखालच्या घोडीवर चढवून मी कापसाच्या खोलीत बसले. आई दाराशी पहाऱ्याला उभी होती. आवाज डासाएवढा येत होता, म्हणून मी गज दाबून ओढत गेले, आणि जलद तानेत म्यूट उडाला. दाबलेल्या गजाखाली तार किंचाळली. पलीकडचं रडणं एकदम थांबलं. थोड्या वेळाने अक्कांचे यजमान, नाना, लाल डोळ्यांनी दारात येऊन उभे राहिले. "चालू करेल शे ना? मंग पुरं कर." मी म्यूट शोधायला वाकले, तर म्हणाले, "ते राहू दे." मग मी म्यूटशिवायच शेवटपर्यंत पुरं वाजवलं. आज मी विद्यार्थिनींना रबराचाच म्यूट घ्यायला सांगते. कारण विचारलं, तर घट्ट बसतो, एवढंच म्हणते.