वस्तीवरचा भंडारा

आमच्याकडे मत मागायला गेलेला माणूस हात जोडतो, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो, पाचव्या घरचा पाचवा चहाही पितो. एवढं करूनही भरवसा वाटला नाही, तर तो भंडारा उचलायला लावतो. ताटात बेलाची पानं आणि त्यावर खंडोबाची हळद. ज्यानं चिमूटभर उचलून कपाळाला लावली त्यानं शब्द दिला. पुढे तो मोडला तर कोर्टकचेरी नाही, देव आहे.

मी पक्षाचं काम करायचो त्या वर्षांत ही रीत मला फार सोयीची वाटायची. पोस्टर फाटतं, सभेतली माणसं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सभेत दिसतात; भंडारा मात्र टिकतो, असं मी वरच्या लोकांना अभिमानानं सांगायचो. "तुझी माणसं पक्की असतात," असं ते म्हणायचे आणि मला तेवढं पुरायचं.

आमचं गाव बेल्ह्याच्या अलीकडे. गावाच्या पूर्वेला ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे माळावर धनगरांची वस्ती. एके काळी सगळी मेंढ्यांमागे फिरणारी माणसं. माझ्या लहानपणापर्यंत बऱ्याच जणांनी शेती धरली होती, तरी दोन-चार घरांत मेंढरं होतीच. त्यांतल्या एका घरचा म्हातारा दर उन्हाळ्यात आमच्या रानात मेंढ्या बसवायचा. रानाला खत व्हायचं, त्याच्या घरी बाजरी जायची. माझी आई त्याला राखी बांधायची, म्हणून तो आमचा मामा. वस्तीवर त्याचा शब्द चालायचा. देवघरातला भंडारा तो स्वतः जेजुरीहून आणायचा आणि पितळेच्या डबीत ठेवायचा. वस्तीवर लग्न ठरलं, भांडण मिटलं, तरी भंडारा त्याच्याच घरचा लागे.

दोन हजार सालानंतरची ती जिल्हा परिषदेची निवडणूक. मतदानाची यंत्रं आमच्याकडे नवीच आली होती. आमचा उमेदवार मोठा बोलका माणूस. मी त्याला घेऊन वस्तीवर गेलो. ओढा तेव्हा कोरडा ठणठणीत. उमेदवारानं ओढ्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "हितं पूल व्हनार. मी निवडून आलो की पयलं काम हेच."

वस्तीला दुसरं काही नकोच होतं. पावसाळ्यात ओढा भरला की पोरांची शाळा बंद, आजारी माणूस घरातच. मामा म्हणाला, "पूल देनार आसशीला तर आमी तुमचे. पन राव, नक्की का?"

"मामा, मी सांगतोय ना," मी म्हणालो. "आता तुमचं नक्की करा."

मामा ताट घेऊन आला. एकेक घरचा माणूस पुढे झाला, बाया डोक्यावर पदर घेऊन आल्या. सगळ्यांनी भंडारा कपाळाला लावला आणि मी सांगितलेलं वाक्य म्हटलं : ह्या निशाणीशिवाय दुसरं बटण दाबणार नाही. वाक्य माझं होतं. उमेदवाराचं नाव घ्यायला लावलं असतं तर कदाचित पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण नाव विसरतं, निशाणी डोळ्यांना दिसते, म्हणून मी निशाणी घातली.

मतदान आठवड्यावर आलं तेव्हा तालुक्याच्या नेत्यांनी आम्हाला एका मंगल कार्यालयात बोलावलं. मटणाचं जेवण होतं. जेवणं झाल्यावर नेते उठले आणि म्हणाले, समोरच्यांशी आपलं जमलं आहे; आपला उमेदवार त्यांना पाठिंबा देतोय. अर्ज मागे घ्यायची मुदत गेली होती, म्हणून यंत्रावर आमची निशाणी राहणारच होती. फक्त तिच्यासमोरचं बटण कुणी दाबायचं नव्हतं.

कुणीतरी मागून म्हणालं, "काल ज्यांला शिव्या घातल्या, त्यांच्याच जीपमधी बसायचं व्हय?"

"बसायचं कशाला, ढकलायचीबी," शेजारचा म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो. बाहेर आमचीच जीप उभी होती. तिच्यावरच्या निशाणीवर दुसऱ्या निशाणीचा कागद चिकटवणं चाललं होतं. भोंग्यावरचं गाणं तेच ठेवलं, कारण त्यात निशाणीचं नाव नव्हतं.

मी तिथूनच वस्तीवर गेलो. मामाला सगळं समजावलं. पूल आता त्यांच्याकडून होईल, सत्ता त्यांचीच येणार आहे, आपलंच भलं आहे. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "भाचं, ते समदं खरं आसंल. पन शबुद निशाणीचा दिलाय."

"मामा, निशाणीवाला स्वतःच सोडून गेला."

"त्यो गेला. देव कुटं गेलाय? वस्तीला मोकळं कर, मग आमी तू म्हनशील ते बटन दाबू."

शब्द मोकळा करायची रीत मला ठाऊक होती. ज्यानं भंडारा उचलायला लावला, त्यानंच त्याच ताटातला भंडारा आपल्या कपाळाला लावायचा आणि म्हणायचं, ह्यांचा शब्द मी परत घेतला, दोष माझ्या घरावर. दोन मिनिटांचं काम.

मामानं ताट आणलं. माझा हात पुढे होईना.

माझी बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती. आधीचं एक पोर पोटातच गेलं होतं. दोष माझ्या घरावर, हे तीन शब्द माझ्या तोंडून निघेनात. पन्नास घरांना हसत हसत जे करायला लावलं, ते स्वतःच्या घरावर घ्यायची वेळ आली तेव्हा मला एकदम देव आठवला. मी म्हणालो, "मामा, आज मटण खाऊन आलोय. उद्या अंघोळ करून येतो."

मटण खाल्लं होतं हे खरंच होतं. म्हणून मामाला काही वावगं वाटलं नाही. "ये मंग सकाळच्याला," तो म्हणाला. "ताट मांडून ठिवतो."

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी बेल्ह्याच्या बाजारात प्रचार होता, तिसऱ्या दिवशी आणखी काही. काम निघतच असतं, माणसानं शोधलं की.

मतदानाच्या दिवशी मी केंद्राबाहेर मांडवात बसून चिठ्ठ्या देत होतो. मांडव आता दोन्ही पक्षांचा एकच होता. वस्तीची माणसं कोरडा ओढा ओलांडून रांगेनं आली. पुढे मामा. त्याच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. तो सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"भाचं, वाट बगितली तुजी. आजून येळ गेली न्हाई. ताट आनलंय."

मांडवातले सगळे बघायला लागले. नव्या पक्षाचा एक पोरगा म्हणाला, "मामा, प्रसाद वाटताय का? आमालाबी द्या की." हशा पिकला. पोलीस वळून बघू लागला.

मी खाली मान घालून चिठ्ठ्या चाळत म्हणालो, "मामा, इथं नको. इथं चालत नाही असलं."

फडक्याची गाठ मामानं पुन्हा घट्ट केली आणि वस्तीला म्हणाला, "चला रं. दिलाय त्यो दिलाय."

आणि त्या माणसांनी, एकूण एक, अशा उमेदवाराचं बटण दाबलं ज्यानं स्वतःचं मतही स्वतःला दिलं नव्हतं.

यंत्रामुळे कोणत्या केंद्रावर कुणाला किती पडली ते उघड दिसायचं. मोजणीच्या दिवशी इतर सगळीकडे आमच्या निशाणीसमोर नावाला मतं होती आणि आमच्या केंद्रावर एकदम ढीग. तो पाठिंबा देऊन बसलेला उमेदवार गुलालात माखलेला होता. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आरं, मला कुनी मतं दिली रं? मी सोता न्हाई दिलं!" पोट धरून हसला तो. निवडून आलेला माणूस मात्र हसला नाही. त्यानं फक्त विचारलं, "कंची वस्ती ही?"

मी सांगितलं. न सांगता भागलं असतं का? नसतं, पण सांगणारा मी होतो.

पूल झाला. तो खाली दोन मैलांवर झाला, जिथं कुणाला ओढा ओलांडायचा नव्हता. वस्तीची माणसं विचारायला गेली तेव्हा त्यांना उत्तर मिळालं, "ज्याला मतं दिली त्याच्याकडं मागा पूल."

माझा मुलगा सुखरूप जन्मला. पेढे घेऊन मी वस्तीवर गेलो नाही. आई एकटी गेली. मामानं पोराच्या कपाळाला लावायला चिमूटभर भंडारा कागदात बांधून दिला. आईनं तो लावला. मी बघत होतो.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात मामाच्या बायकोला दम लागला. तिला बाजेवर घालून ओढ्यापर्यंत आणलं, तर पाणी कमरेच्या वर. अलीकडे मी माझी मोटरसायकल थांबवून उभा, पलीकडे ते. आवाज पोहोचत नव्हता. दुपारपर्यंत ती माणसं छत्र्या धरून बसली आणि मग बाज उचलून परत गेली. चार-सहा दिवसांनी ती गेली. पूल असता तर वाचली असती, असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. माझ्या मनाला अधूनमधून या 'कदाचित'चा आधार घ्यावासा वाटतो आणि घेतला की स्वतःची शिसारी येते.

मामा मला कधी काही बोलला नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी त्याच्या पायावर डोकं ठेवू शकलो असतो. तो मात्र भेटला की विचारायचा, "पोरगं बरं हाय न्हवं?"

पुढच्या निवडणुकीला पक्षानं मला पुन्हा वस्तीवर पाठवलं. मी नाही म्हणायला हवं होतं. गेलो. मामाकडे ताट मागायची हिंमत नव्हती, म्हणून वाटेत किराणा दुकानातून हळदीची पुडी घेतली. वस्तीवरची जाणती पोरं पारावर बसली होती.

"या, या," त्यांतला एक म्हणाला. "भंडारा का? सकाळी त्यांचाबी उचललाय. दुपारी आनखी एक पार्टी येनार हाय. तुमचाबी उचलतो, त्यात काय!"

"आरं, कपाळ पुरंना राव आता," दुसरा म्हणाला, आणि सगळे खदखदून हसले.

मामा भिंतीला टेकून बसला होता. डोळ्यांनी त्याला आता कमी दिसायचं. त्यानं हात पुढे केला, माझ्या हातातली पुडी चाचपली, प्लॅस्टिकचा कुरकुर आवाज ऐकला.

"जेजुरीचा न्हाई ना ह्यो?"

"नाही मामा. दुकानातली हळद आहे."

"मग हरकत न्हाई," तो म्हणाला, आणि पोरांकडे तोंड करून म्हणाला, "उचला रं."

पोरांनी उचलला. मी वाक्य सांगितलं, त्यांनी हसत हसत म्हटलं.