नजरेनं कळतं, असं मी म्हणाले

भिवंडीजवळच्या खारबाव स्टेशनच्या फलाटावर मला सोडायला दोनच माणसं आली होती, माझे वडील अण्णा आणि हमीदचाचा. आईनं दारातूनच निरोप दिला होता. सव्वीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी नोकरीसाठी एकटी सुरतेला चालली, हे शेजारणींना कसं सांगायचं याच विवंचनेत ती होती.

हमीदचाचांचे भिवंडीच्या निजामपुऱ्यात जॅकार्डचे सहा लूम होते, साडीच्या पदरावर नक्षी विणणारे. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवायची. त्याला आम्ही ग्राफ म्हणायचो. त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, आणि कुठला धागा उचलायचा ते लूमला त्या पत्त्यांवरून कळायचं. अकरावीपासून मी चाचांचे ग्राफ घरी आणून रंगवत होते. नव्वदच्या सुमाराला नक्षीचं काम सुटत गेलं, चाचांनी चार लूम साध्या कापडाला लावले, आणि सुरतेच्या एका शेठकडून ग्राफवाले हवेत असा निरोप आला. त्याच्याकडे म्हणे कॉम्प्युटर आला होता.

"जा पोरी," चाचा म्हणाले. "पन डोला उघडा ठेव. ज्याच्याकडं कॉम्प्युटर हाय, त्याला तू कशाला पायजे, ह्ये आधी बघ."

गाडी दिसू लागली. तेव्हा अण्णा म्हणाले, "तुला येतं ते सगळं एकदम दाखवू नकोस."

ते उगीच बोलले नव्हते. एका वकिलाच्या कचेरीत त्यांनी पंचवीस वर्षं कारकुनी केली. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, सगळे मसुदे त्यांना तोंडपाठ. एकदा वकिलांनी गोड बोलून ते सगळे एका वहीत उतरवून घेतले. तीन महिन्यांनी नवा टाइपरायटर आला, त्यावर बसायला नवी मुलगी आली, आणि अण्णांना सांगितलं गेलं की आता रोज यायची गरज नाही.

सुरतेला मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. शेजारी दोन म्हातारे ग्राफवाले. काचेच्या खोलीत कॉम्प्युटर, आणि त्यावर जयाबेन. माझ्याच वयाची, दोन मुलींची आई, नवरा आजारी. आम्ही रंगवलेलं चित्र ती मशीनमध्ये घ्यायची, रंग कमी करायची आणि पत्ते पाडायला पाठवायची. आमच्या आठ दिवसांच्या कामाला तिला एक दिवस पुरायचा. मी तिच्याशी हसून बोलायचे, पण ती माझ्या टेबलाशी आली की कागद पालथा घालायचे. ती डब्यातली भाजी पुढं करायची, तेव्हासुद्धा वाटायचं की हिला काहीतरी काढून घ्यायचंय.

काढून घेण्यासारखं माझ्याजवळ एकच होतं. मोठ्या फुलाच्या पाकळीत धागा लांबपर्यंत सुटा राहतो. तो अधूनमधून ग्राफवर एक ठिपका देऊन बांधावा लागतो, नाहीतर बांगडीत अडकून निघतो. ठिपके सारख्या अंतरावर दिले तर कापडावर रेघा उमटतात. म्हणून ते पाकळीच्या शिरांच्या कलानं मोडत न्यायचे. हे मोजमाप चाचांनी मला दोन वर्षं खपून शिकवलं होतं. सुरतेत मी ते ग्राफवर दाखवतच नसे. पत्ते पाडण्याआधी जयाबेननं कागदावर छापून दिलं की शेवटी लाल पेन्सिलीनं ठिपके टाकायचे. याचा नियम काय, असं तिनं दोनदा विचारलं. मी म्हणाले, नियम नाही, नजरेनं कळतं.

दुसऱ्या वर्षी अण्णांना अर्धांगाचा झटका आला म्हणून मी भिवंडीला गेले, ती बारा दिवस राहिले. मागे एक मोठं काम निघालं. ते जयाबेननं एकटीनं केलं. परत आले तेव्हा साड्यांचा ढीग कोपऱ्यात पडला होता. पदरावरची कमळं बोट लावलं की उसवत होती. जयाबेनला महिनाअखेरीनंतर येऊ नकोस असं सांगून झालं होतं.

तिनं आदळआपट केली नाही. एक साडी माझ्या टेबलावर पसरली, सुटा धागा नखानं उचलला आणि विचारलं, "तुमको मालूम था ना, वसुधाबेन?"

मग जयाबेन साडी घडी करून घेऊन गेली.

त्या दुपारी मी शेठकडे गेले. चूक जयाबेनची नाही, मी तिला सांगितलंच नव्हतं, असं सरळ बोलले. शेठ चिडतील असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, मग आता सगळं लिहून द्या. हे वाक्य मी आमच्या घरात ऐकलेलं होतं. मी म्हणाले, लिहून देणार नाही. जयाबेन राहील, मी तिच्या शेजारी बसेन, ती मला कॉम्प्युटर शिकवेल आणि मी तिला ठिपके. शेठनी जरा विचार करून होकारार्थी मान हलवली. त्या मान हलवण्यावर माझा आजही विश्वास नाही.

पहिले कितीतरी दिवस जयाबेन माझ्याशी कामापुरतंच बोलली. माऊस माझ्या हातात ठरत नसे. ती माझ्या हातावर हात ठेवून तो सरकवायची, पण डबा पुढं करत नव्हती. तो पुन्हा पुढं यायला पावसाळा उलटला. वर्षभरात मी एकटी कॉम्प्युटरवर डिझाइन उतरवू लागले. त्याच वर्षी शेजारच्या दोन्ही म्हाताऱ्यांना घरी पाठवलं. म्हणजे शेठबद्दलचा माझा संशय खरा होता, जयाबेनबद्दलचा खोटा. मी उरले ते जागा बदलून बसले म्हणून. त्या दोघांना मी काही शिकवलं नाही, हेही इथं सांगून टाकते.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांची जीभ जड झाली होती. ते म्हणाले, "मी तुला माझी भीती दिली. धंदा हमीदनं दिला."

गेल्या खेपेला मी चाचांकडे गेले. तेव्हा भिवंडीबाहेर वडप्याच्या रस्त्याला शेतांतून नवी गोदामं उठत होती, आणि चाचांचे जॅकार्ड भंगारात गेले होते. ग्राफ मात्र पेटीत जपून होते. मी म्हटलं, द्या, मी कॉम्प्युटरमध्ये घालते, म्हणजे वाळवी लागणार नाही. चाचांनी चष्मा काढला.

"मग त्ये कोनाचे व्हतील?"

तुमचेच, मी म्हणाले. पण बोलताना मलाच ते शेठच्या मान हलवण्यासारखं वाटलं. त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, पेटीतला सगळ्यात साधा, छोट्या बुट्टीच्या नक्षीचा एक कागद काढून दिला आणि कुलूप लावलं.

"ह्यो ने. त्याचं काय करतीस त्ये आनून दाखव. मग बाकीचं बघू."

तुमच्यापैकी जे गावात मागे राहिलात आणि जे माझ्यासारखे गाव सोडून गेलात, त्यांनाच हे कळेल. सुरतेत आता माझ्या शब्दावर लोक डोळे मिटून काम सोपवतात. ज्या दाराशी अजून मला पारखून घेतात आणि पारखून झालं की 'ये, बस' म्हणतात, त्याला मी घर म्हणते. चाचांनी चहा मागवला. मी तो कागद मांडीवर ठेवून बसले.