नॉर्मलरावांचं रक्त

चष्म्याच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून गेलं की रक्त तपासायची एक लहानशी लॅब होती. तिथले तंत्रज्ञ म्हणजे नॉर्मलराव. हे नाव काउंटरवरच्या बाईंनी ठेवलेलं, आणि त्यांना ते मनातून आवडायचं. दर सोमवारी सकाळी ते स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून स्वतःचंच रक्त काढत आणि सगळ्यांत आधी ते मशीनला लावत. आकडे नेहमीचे आले की मशीन ठीक, मग लोकांच्या नळ्या. मशीन पारखायची कंपनीची बाटली फ्रिजमध्ये होती, पण तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "बाटली कुठून कुठून हिंडत येते. मी सरळ घरून येतो," असं ते म्हणत.

माणूस नाकासमोर चालणारा. दारू नाही, तंबाखू नाही, जागरण नाही. त्यांचा एसजीपीटी वर्षानुवर्षं तेवीसच्या आसपास. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतलं एन्झाइम. पेशींना इजा झाली की ते रक्तात सांडतं आणि आकडा चढतो. चाळीसपर्यंत चालून जातं, त्यापुढे डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात. नॉर्मलरावांना हे झोपेतही सांगता आलं असतं, तरी पुढे जे व्हायचं ते झालंच.

एका सोमवारी त्यांचा स्वतःचा आकडा बावन्न आला. त्यांनी मशीनला एक शेलकी शिवी हासडली. नळ्या धुतल्या, आतला दिवा बदलला, रसायनाची नवी बाटली फोडली. आकडा हटेना. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "ती कंपनीची बाटली लावून बघा ना एकदा." लावली. तिचे आकडे अगदी चोख आले.

"म्हणजे मशीन आणि बाटली, दोन्ही सारखीच बिघडलीत," नॉर्मलराव म्हणाले आणि मशीन ज्यानं गुणून आकडा काढतं तो गुणक त्यांनी हवा तेवढा खाली आणला. त्यांचे पुन्हा तेवीस आले. पुढचे काही सोमवार आकडा चढत राहिला आणि ते गुणक उतरवत राहिले. तक्रार एकाचीही आली नाही. आकडा कमी आला म्हणून भांडायला कोण जिना चढतं?

याच दिवसांत त्यांच्या थोरल्या बहिणीला क्षयाची औषधं चालू होती. ती यकृताला बाधू शकतात, म्हणून ताईचं रक्त अधूनमधून तपासायला भावाकडेच यायचं. ताईला मळमळायला लागलं, जेवणाचा वासही नकोसा झाला.

"या गोळ्या मला सोसत नाहीत रे," ती म्हणाली.

नॉर्मलरावांनी रिपोर्ट तिच्यापुढे धरला. "एकोणचाळीस. माझ्या हातानं तपासलंय. मनाचे खेळ आहेत ताई, गोळी घे." आणि पाण्याचा पेला घेऊन ते तिच्यासमोर उभे राहिले. लहानपणापासून हुशार म्हणून ज्याचं कौतुक केलं तोच सांगतोय म्हटल्यावर ताईनं गोळी गिळली.

थोड्याच दिवसांत डॉक्टरांचा फोन आला. "तुमच्या ताई माझ्यासमोर बसल्यात. डोळे पिवळे झालेत. तुमचा रिपोर्ट म्हणतो सगळं आलबेल. दोन्हींतलं एक खोटं आहे, आणि डोळे मी स्वतः बघतोय."

नॉर्मलरावांनी मशीनमध्ये मूळचा गुणक घातला. ताईच्या उरलेल्या रक्ताचा आकडा दोनशेच्या घरात गेला. मग त्यांनी स्वतःची नळी लावली. एकशे पंधरा.

ताईच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या आणि तिला दवाखान्यात ठेवलं. नॉर्मलराव आणि काउंटरवरच्या बाईंनी मधल्या काळातल्या एकेका पेशंटला फोन करून पुन्हा बोलावलं. काहींनी नको नको ते सुनावलं. नॉर्मलरावांनी ते मुकाट ऐकून घेतलं, कारण त्यात चुकीचं काही नव्हतं.

डोळ्यांचा पिवळेपणा उतरायला लागला तेव्हा त्यांनी ताईच्या पलंगाशी उभं राहून सगळं सांगितलं. इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"जीव घेतला असता मी तुझा," ते म्हणाले.

ताई डोळे मिटून ऐकत होती. "म्हणजे तुझा आकडा वाढलाय," ती म्हणाली.

"हो ना. आणि मी मशीनलाच दोष देत बसलो."

"ते कळलं रे. पण वाढलाय कशानं?"

सगळ्या पेशंटना नॉर्मलरावांनी परत बोलावलं होतं. आपणही कुणाला दाखवावं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"डॉक्टर येतीलच आता," ताई म्हणाली. "त्यांना दाखवल्याशिवाय हलायचं नाहीस." हाताला सलाईन लावलेलं होतं, तरी ती पलंगाच्या कडेला सरकली आणि भावाला बसायला जागा करून दिली.