भोईरकाका बुडेनात

"सर, मी बुडत का नाय?" मालवणच्या समुद्रात बोटीशेजारी तरंगत भोईरकाकांनी तोंडातलं रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारं यंत्र, काढून विचारलं.

काका डोंबिवलीजवळच्या मानपाड्याचे. सकाळी सोसायटीत प्राणायामाचा वर्ग घेतात. रिटायर झाल्यावर स्कूबाचं खूळ डोक्यात शिरलं, तेव्हा डोंबिवलीच्या पूलमध्ये मीच त्यांना शिकवलं. आज कोर्सची शेवटची डाईव्ह. ती झाली नाही तर डायव्हरचं कार्ड नाही, आणि कार्ड घेऊनच येतो असं ते अख्ख्या वर्गाला सांगून आलेले.

डाईव्हआधी आम्ही वजन तपासतो. अंगातल्या, तरंगण्यासाठी फुगवायच्या जॅकेटमधली हवा काढायची. श्वास भरलेला असताना पाणी डोळ्यांपर्यंत यायला हवं, सोडला की माणूस सावकाश खाली जायला हवा. खारं पाणी माणसाला जास्त उचलतं, म्हणून काकांच्या बेल्टला पूलपेक्षा जास्त शिसं मी आधीच लावलेलं. तरी काका बुचासारखे वर.

"दोन किलो टाक रे अजून!" बोटीवरून आमच्या डाईव्ह सेंटरचे बॉस ओरडले. "वारा वाढतोय."

"थांबा सर, बघू दे," मी म्हणालो.

"बघतोस काय? टाक!"

मला रागच आला. जादा शिसं लावलं की माणूस जातो खाली, पण तिथे त्याला सावरणं कठीण. जॅकेटमध्ये हवा भरत बसावं लागतं, आणि वर येताना तीच हवा फुगून त्याला सुसाट वर ओढते.

"काका, रेग्युलेटर तोंडात घ्या. परत करू."

मी नुसता बघत राहिलो. एक बुडबुडा येईना.

"काका, श्वास कोंडलाय?"

त्यांनी रेग्युलेटर काढलं. "भीती वाटली का मी कुंभक करतो. मन शांत होतं."

मला हसू आलं, पण ते आवरलं. स्कूबात श्वास कधीच कोंडायचा नाही. कोंडून वर आलं तर आतली हवा फुगते, फुफ्फुस फाटू शकतं.

"कुंभक मानपाड्याला. इथे नाही. समजा मी तुमच्या वर्गात बसलोय. मला रेचक शिकवा. अगदी लांब सोडा."

काका लगेच मास्तर झाले. बुडबुड्यांची माळ सुटली आणि त्यांचं टक्कल अलगद पाण्याखाली गेलं.

पूर्ण डाईव्हभर मी मासे सोडून काकांचे बुडबुडे बघितले. शेवटी हवा वापरून टाकी हलकी झाली की माणूस वर उचलला जातो, तरी ते वर येतानाच्या थांब्यावर जादा शिशाशिवाय छान स्थिर राहिले.

कार्ड वर्गात सगळ्यांच्या हातांतून फिरलं म्हणे. मी मात्र आता कोणी बुडेना झालं की शिशाला हात लावण्याआधी बुडबुडे बघतो.