खाट नंबर सतरा

"तोंड काय बघतोस रे त्याचं? हात बघ. हात कुठे जातोय?"

सिस्टर हे म्हणायच्या तेव्हा त्यांचं स्वतःचं बोट माझ्या फोनवर असायचं. चालू व्हिडिओ थांबवायचा कसा, हे त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. पेशंटची नाडी धरावी तसं त्या पडद्यावर बोट दाबून धरायच्या आणि खेळाडू खुशाल पुढे पळत राहायचा. मग ओरडा मला बसायचा. "थांबव ना मेल्या त्याला!"

सिस्टर आमच्या शेजारी राहायच्या. दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे, आमचं सगळं बोलणं त्याच्यावरून चालायचं. इथल्या सरकारी इस्पितळात, हाडांच्या वॉर्डात, त्यांनी उभी नोकरी काढली होती. लग्न केलं नाही. एक भाची कोल्हापूरला, बाकी कोणी नाही. निवृत्तीनंतरही घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला असायची आणि दार उघडायचं ते कोपराने. त्यांचं खरं नाव गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होतं. असं एखादं माणूस तुमच्याही शेजारी असेल, ज्याचं नाव त्याच्या नोकरीने खाऊन टाकलेलं असतं.

आता त्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. पोटातलं दुखणं होतं, फार पुढे गेलेलं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. आणि दुखणाऱ्या जागेकडे माणसाचा हात आपोआप जातो, हे ज्यांनी मला शिकवलं त्यांचा हात कधीपासून जात होता, एवढा एकच प्रश्न त्या गेल्यापासून माझ्या डोक्यात आहे.

हे शिकवणं सुरू झालं एका खेळापायी. मी एका अमेरिकन कंपनीचं काम रत्नागिरीत घरी बसून करतो. तिकडचे माझे सहकारी आपसात एक खेळ खेळतात. बारा जणांनी तिथल्या, चेंडू हातात घेऊन पळायच्या फुटबॉलमधले खरे खेळाडू निवडून आपापला कागदी संघ बांधायचा. खरा खेळाडू मैदानात जसा खेळेल तसे आपल्याला गुण. असा खेळ खेळणाऱ्या इतर गटांत दरवर्षी नवा संघ असतो. आमच्याकडे मात्र एकदा घेतलेला खेळाडू तुमचा, तुम्ही त्याला सोडेपर्यंत किंवा अदलाबदलीत देईपर्यंत. वर्षानुवर्षं. म्हणून तिकडे त्याला घराण्याची लीग म्हणतात. बारावा गडी सोडून गेला आणि मला विचारलं. मी तो खेळ कधी बघितलाही नव्हता, पण त्या लोकांत मी नुसता रोजच्या मीटिंगमधला एक चौकोन होतो, म्हणून लगेच हो म्हटलं.

उत्तम खेळाडूची किंमत कोणीही सांगेल. पंचाईत होते ती मधल्यांची. गुडघा मोडून घेतलेला, तिशी उलटलेला, किंवा कालपर्यंत कोणाच्या गावी नसलेला आणि एका रविवारी अचानक चमकलेला. याला ठेवायचा की देऊन टाकायचा? मला यातलं ओ का ठो कळत नव्हतं.

एका सोमवारी सकाळी मी पडवीत डोकं धरून बसलो होतो. माझा सगळ्यात चांगला पळणारा खेळाडू, जर्सी नंबर सव्वीस, आदल्या रात्रीच्या सामन्यात गुडघ्यावर पडला होता. सिस्टर गडग्यावरून आंबोळ्यांची ताटली देत म्हणाल्या, "काय रे, कोण गेलं?"

"गेलं नाही कोणी. पडलाय."

"कुठं? बघू."

मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो तीनदा बघितला. चष्मा काढून पुन्हा एकदा.

"हा उठतो बघ."

"सिस्टर, तिथले डॉक्टर म्हणतायत गुडघा कामातून गेला."

"गुडघा गेलाय, दिसतंय मला. पण पडल्या पडल्या हात बघ कसा सरळ गुडघ्यावर. आणि त्या औषधाच्या पेटीवाल्या पोराला बोलावून बोटाने दाखवतोय, इथं दुखतंय म्हणून. दुखतं म्हणणारा बरा होतो. मी तीस वर्षं हेच बघितलं. नको देऊस याला कोणाला." मग जाता जाता वळून म्हणाल्या, "घरी कोण आहे त्याच्या?"

आता हे मला कसं माहीत असणार? पण त्यांचा प्रश्न पक्का होता. ज्याच्या खाटेशी रोज घरून डबा येतो त्याचं हाड लवकर धरतं, हे त्यांचं वॉर्डातलं शास्त्र. मी इंटरनेटवर शोधून काढलं. सव्वीस नंबर आईजवळ राहत होता. सिस्टर म्हणाल्या, "झालं तर मग."

सगळ्यांनी सव्वीसवर काट मारली, मी ठेवला. पुढच्या मोसमात तो परत आला आणि असा पळाला की आमच्या लीगमधल्या सगळ्यात जुन्या माणसाने मला निरोप पाठवून विचारलं, तुला कसं कळलं? मी सिस्टरांबद्दल लिहिलं. त्या दिवसापासून तिकडच्या अकरा माणसांना रत्नागिरीच्या सिस्टर माहीत झाल्या. त्यांचं मत हवं म्हणून निरोप यायचे. मी त्यांच्या बोलण्याचे छोटे व्हिडिओ काढून, खाली इंग्रजीत अर्थ लिहून पाठवायला लागलो. आणि मीटिंगमध्ये लोक माझ्याशी कामाखेरीज दोन शब्द बोलायला लागले. ही सिस्टरांची कमाई, माझी नव्हे.

खेळाडूंची नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत. त्यांनी सगळ्यांना वॉर्डातल्यासारखे नंबर लावून टाकले होते. "खाट नंबर अकरा कसा आहे? चालतोय का? आणि तो ऐंशी, लंगडणारा?" सोमवारी सकाळी सात वाजता गडग्यापाशी राउंड सुरू व्हायचा. हातात पेन नसलं तरी मी लिहून घेतोय की नाही हे त्या बघायच्या.

चुकायच्याही. एकदा एका खेळाडूचा हात सारखा मांडीकडे जातो म्हणून त्यांनी त्याला दोन आठवडे "झोपवून ठेव" सांगितलं. मी त्याला बाहेर बसवला. तो त्याच रविवारी तीनदा गोलची रेषा ओलांडून आला आणि माझ्या पाटीवर शून्य. नीट बघितलं तर चड्डीच्या आतलं मांडीवरचं पॅड सरकत होतं म्हणून गडी चड्डी सावरत होता.

"सिस्टर, दुखत काही नव्हतं त्याचं. नाडी सैल होती."

त्या गडग्याला धरून इतक्या हसल्या की पलीकडच्या घरातून लोक बाहेर आले. "मग चांगला शिंपी बघ म्हणावं त्याला," डोळे पुसत म्हणाल्या. पुढे कितीतरी दिवस गल्लीत कोणी कंबर धरून चालताना दिसलं की मला हळूच विचारायच्या, "दुखणं की नाडी?"

आणि मग सतरा.

सतरा नंबर नवा पोरगा होता, बावीस वर्षांचा. अंगात वारं भरल्यासारखा पळायचा. बाराही जणांना तो हवा होता आणि नशिबाने तो माझ्याकडे आला. पुढची दहा वर्षं याच्यावर संघ उभा करायचा, असं मी ठरवून बसलो होतो. दिवाळी झाली होती, नोव्हेंबरातली सकाळ होती. सिस्टरांनी त्याचा पडतानाचा व्हिडिओ बघितला. तो पडला, लगेच उठला, हसला, टाळ्या वाजवल्या, आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन उभा राहिला.

"याला सोड."

"का? काही झालं नाही त्याला."

"हात मागे का नेले? जायला बघतायत हात, आणि हा जाऊ देत नाय. लपवतोय मेला. असे मी वॉर्डात बघितलेत. डॉक्टर आले की हसतात. दुखतं म्हणणारा बरा होतो रे. हा लपवणारा एक दिवस एकदम पडेल, मग कोणाच्या हातात काय राहत नाय. सोड."

त्यांची ही ऐट तिकडे आवडते म्हणून मी सगळं रेकॉर्ड करत होतो. पण सतराला सोडायचं म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "सिस्टर, चड्डीवाल्याच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात." चार-पाच दिवस मी गडग्यापाशी गेलो नाही. एवढ्याशा गोष्टीवरून! आज ते चार-पाच दिवस मला कोणी परत दिले तर मी अख्खा संघ देऊन टाकीन.

जानेवारीत एका सामन्यात सतरा कोणीही धक्का न देता खाली बसला तो उठलाच नाही. मोसमाच्या सुरुवातीपासून त्याचा कमरेचा सांधा दुखत होता आणि त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, असं दुसऱ्या दिवशी छापून आलं. मी धावत गडग्याकडे गेलो. तुम्हीच बरोबर होतात, हे सांगायचं होतं. सिस्टरांच्या दारासमोर कोल्हापूरची गाडी उभी होती. भाची घाईघाईने दोन पिशव्या डिकीत ठेवत होती आणि सिस्टर मागच्या सीटवर आडव्या होत्या.

"काय नाय रे, जरा पित्त झालंय," त्या म्हणाल्या. आणि हसल्या.

दोन आठवड्यांनी मी कोल्हापूरची बस धरली. आईने डबा दिला होता, कुळथाचं पिठलं आणि मऊ भात. बस घाट चढत होती तेव्हा मला त्यांचं शास्त्र आठवलं, ज्याच्या खाटेशी डबा येतो त्याचं. सव्वीस नंबरच्या घरी कोण आहे हे मी सातासमुद्रापलीकडून शोधून काढलं होतं. गडग्यापलीकडे कोण आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि मी दर सोमवारी त्यांच्याच आंबोळ्या खात होतो.

तिथल्या इस्पितळात, खाटेवर, त्या निम्म्या झाल्या होत्या. पिठलं दोन घास खाल्लं, तेही माझ्याकडे बघून. मी विचारलं, "सिस्टर, का नाही सांगितलंत?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "सतरा कसा आहे?"

"पडला. तुम्ही म्हणाला होतात तसाच. सांधा आहे. दोन वर्षं तरी नाही आता."

"सोडलास?"

"अजून नाही. सोडतो आता."

"नको." माझं मनगट त्यांनी धरलं, नाडीच्या जागी. "राहू दे रे. एका कोपऱ्यात पडून राहील. बसून काय खातोय तुझं?"

त्या खोलीत मी रडलो नाही. खाली येऊन, चहाच्या टपरीमागे उभा राहून रडलो.

शिमग्याला पालखी आमच्या गल्लीत आली तेव्हा सिस्टरांचं दार बंद होतं. त्यांना जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. पालखी आमच्याकडे थांबली, मग पुढच्या घरी गेली.

सतरा अजून माझ्या संघात आहे. त्याची जागा अडते, गुण शून्य. लीगमधल्या जुन्या माणसाने परवा कळवलं की याच्या बदल्यात मी तुला दोन चांगले खेळाडू देतो, एवढं तरी पदरात पाडून घे. मी नाही म्हटलं. कारण विचारलं, तर लिहिलं की सिस्टर म्हणाल्या.

व्हिडिओ मात्र बरेच दिवस उघडले नव्हते. एकूण एकवीस निघाले. त्या शिकवायच्या तसे मी एका दुपारी सगळे बघितले, आवाज बंद करून, तोंडाकडे न बघता. ऑक्टोबरपर्यंत काही नाही. नोव्हेंबरचा तो सतरावाला व्हिडिओ लावला. सिस्टर गडग्याशी उभ्या आहेत, उजवा हात माझ्या फोनच्या दिशेने नाचवतायत, "लपवतोय मेला" म्हणतायत. डावा हात पदराखाली आहे, बरगडीच्या खाली, आणि दाबून धरलेला आहे. पूर्ण दीड मिनिट. मी हातभर अंतरावर होतो. त्यांचं तोंड मधोमध यावं म्हणून फोन सरळ धरून उभा होतो.

उत्तर मिळालं. त्याचं काय करायचं ते कळत नाही.

तो व्हिडिओ मी पुन्हा लावत नाही. लावतो तो सगळ्यात पहिला, सव्वीस पडल्यानंतरच्या चैत्रातला, तिकडे पाठवायला लागण्याच्याही आधी सहज काढलेला. सव्वीस नंबर परत खेळेल की नाही असं मी विचारतोय आणि सिस्टर पडवीत विळी घेऊन ओले काजू सोलतायत. चीक लागू नये म्हणून हातांना कोपरापर्यंत खोबरेल फासलंय. एका हातात बी, दुसऱ्याने गर काढून ताटलीत टाकतायत, परत बी. दोन्ही हात कामात आहेत. कुठेही जात नाहीत. शेवटी त्या वर बघतात.

"झालं का रे तुझं? ठेव तो फोन आणि बस इथं. चार बिया सोल."